रिकाम्या खाटांचा हिशेब

रुग्णालयातील खाटा रिकाम्या राहिल्या म्हणजे पैसा वाया गेला, हा हिशेब सर्वसाधारण रुग्णालयापुरता ठीक आहे. सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयास तो लावणे म्हणजे वर्षभर आग लागली नाही म्हणून अग्निशामक दलाच्या खर्चात कपात सुचविण्यासारखे होय.

पुण्याच्या डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एरवी या महापालिका रुग्णालयाची शहरास फारशी आठवण नसते. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाईन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला आणि तपासणीसाठी नायडूच्या दारात रांगा लागल्या. 9 मार्च 2020 रोजी राज्यातील पहिल्या करोनाबाधितांचे निदान झाले, तेही पुण्यातच, आणि त्यांनाही तेथेच ठेवण्यात आले. या दोन साथींच्या दरम्यान दहा वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात हे रुग्णालय मोडीत काढले असते, तर ऐनवेळी काय हाती लागले असते?

यावर कोणी जम्बो रुग्णालयाकडे बोट दाखवील. ऑगस्ट 2020 मध्ये शिवाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ते काही आठवड्यांत उभे राहिले, हे खरेच. परंतु पहिल्या काही दिवसांतच तेथील व्यवस्थेविषयी तक्रारींचा पाऊस पडला. मांडव, खाटा, प्राणवायूच्या नळ्या पैशाने लवकर मिळतात. सांसर्गिक कक्षात स्वतःस आणि इतरांस सांभाळून काम करणारी परिचारिका तशी मिळत नाही. राखून ठेवावयाची ती माणसे.

या हिशेबाची दुसरी बाजू रुग्णाची. विलगीकरणाचा लाभ मुख्यतः बाहेरच्यांना होतो, झीज मात्र आत असलेल्याने सोसावयाची. 1897 च्या प्लेगात पुण्याने याचे भीषण रूप पाहिले. गोरे सैनिक घरे झडत होते, आप्तांना छावण्यांत नेत होते. परिणामी लोक आजारी माणसे लपवू लागले. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली, ती या संतापातून. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हडपसरजवळ रुग्णांची शुश्रूषा करीत होते. 10 मार्च रोजी सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या. दोन्ही ठिकाणी रुग्णाला वेगळेच ठेवले जात होते, पण एकीकडे बळ होते आणि दुसरीकडे विश्वास.

आज सैनिक नाहीत. मजुरी बुडण्याचे भय आहे. कारकुनास, प्राध्यापकास वैद्यकीय रजा असते. धुणीभांडी करणाऱ्या बाईस दहा दिवस कक्षात राहा म्हणणे म्हणजे दहा दिवसांची मजुरी सोड म्हणणे. तिने ताप अंगावर काढून चार घरांत काम केले, तर दोष तिच्या अडाणीपणाला देणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. शहराच्या रक्षणासाठी तिला बाजूला ठेवावयाचे, तर त्या दिवसांची मजुरी शहराने द्यावयास हवी.

महापालिकेने अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावे. नायडूचे प्रशिक्षित परिचारक साथ नसताना कमला नेहरू रुग्णालयात काम करू शकतील, मात्र त्यांची पदे नायडूच्या नावावरच राहावीत आणि वर्षातून एकदा सांसर्गिक कक्षाचा पूर्ण सराव व्हावा. खर्च येईलच. तो साथ नसलेल्या वर्षीच मंजूर करावा लागेल.