फाटकाबाहेरील शिरस्त्राण

नाशिकरोडच्या सिन्नर फाट्यावरून एकलहऱ्याच्या दिशेने निघालेल्या मनुष्यास गाव नजरेस पडण्याच्या पुष्कळ आधी तेथील औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी दिसू लागतात. १९७० च्या सुमारास येथे वीजनिर्मितीस आरंभ झाला, पुढे २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले, आणि कोळसा, वाफ, उच्च दाबाची वीज व राख यांच्या सान्निध्यात ज्यांनी आयुष्य काढले अशा कामगारांची एक पिढी निवृत्त होऊन दुसरी कामावर रुजू झाली. अशा ठिकाणी शिरस्त्राण आणि जाड तळाचे बूट असल्याखेरीज यंत्राजवळ पाऊल टाकू नये, या नियमाला आज कोणी जाचक म्हणत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आलेली ती शिस्त आहे, आणि दरवर्षी ४ मार्च या राष्ट्रीय सुरक्षा दिनी देशभरातील कारखान्यांत तिची शपथही घेतली जाते.

परंतु कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटण्याच्या वेळी क्षणभर उभे राहावे, म्हणजे या शिस्तीची हद्द कोठे संपते ते स्पष्ट दिसते. आठ तास ज्याने डोके झाकून काम केले, तोच मनुष्य मोटारसायकलला किक मारताना हेल्मेट आरशाला लटकावतो, किंवा कोपरात अडकवून तसाच निघतो. जणू धोका कुंपणाच्या आत कोंडलेला आहे आणि बाहेरचा रस्ता हा विसाव्याचा प्रदेश आहे! माझ्या मते ही समजूतच सर्व अनर्थाचे मूळ आहे. कारखान्यातील यंत्र जागचे हलत नाही, त्याच्या फिरत्या भागांभोवती जाळी असते, त्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी असतो. उलट रस्त्यावर राख वाहणारी अवजड वाहने, गळिताच्या हंगामात उसाने ओसंडणाऱ्या आणि मागे साधा दिवाही नसलेल्या ट्रॉल्या, कडेची वाळू, मोकाट जनावरे, हे सारे एकाच वेळी हलत असते आणि त्यावर कोणाचाही अंमल नसतो. ज्याला आतमध्ये संरक्षणाची आवश्यकता पटली, त्याला बाहेर ती दुप्पट पटावयास हवी.

यावर नेहमीचे उत्तर असे, की ‘इथल्या इथे तर जायचे आहे.’ या उत्तराचा विचार शास्त्रज्ञांनी पूर्वीच केलेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हॅरी हर्ट या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की बहुसंख्य अपघात दूरच्या प्रवासात नव्हे, तर बाजारहाट, किरकोळ कामे, मित्रांकडे जाणे अशा लहानशा फेरीत, आणि निघाल्या ठिकाणापासून थोड्याच अंतरावर घडतात. हेल्मेटमुळे ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, मानेला इजा होते, अशा ज्या तक्रारी आपण आजही चावडीवर ऐकतो, त्यांपैकी एकीलाही त्या तपासणीत आधार सापडला नाही. मानेच्या दुखापतीसुद्धा हेल्मेटधाऱ्यांमध्ये कमीच निघाल्या. उकाड्याची तक्रार मात्र खरी आहे. नाशिकच्या वैशाखात हेल्मेटखाली घाम येतो, हे मी नाकारीत नाही. परंतु बॉयलरशेजारी याहून कितीतरी अधिक घाम गाळणाऱ्या माणसाने ही सबब सांगावी, हे मला पटत नाही.

या शिरस्त्राणाचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १९३५ च्या मे महिन्यात, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगास परिचित असलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये आपल्या घराजवळच्या रस्त्यावर, सायकलवरून चाललेल्या दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाच्या दुखापतींचा अभ्यास आरंभिला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, शिरस्त्राणाने यांतील कितीतरी प्राण वाचतील, असे सप्रमाण मांडले. लष्कराने त्याच वर्षी आपल्या स्वारांना ते सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये कायदा होण्यास १९७३ साल उजाडावे लागले. सत्य सिद्ध होणे आणि ते समाजाने अंगीकारणे यांत केवढे अंतर पडते, आणि त्या अंतरात किती निरपराध जीव खर्ची पडतात, याचा हा दाखला आहे. अलीकडे, २००८ मध्ये, निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते, असे निष्पन्न झाले.

हे घडते कसे, ते समजून घेतले तर हेल्मेट निवडताना हयगय होणार नाही. गाडी उभी असताना जरी माणसाचे डोके दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आदळले, तरी आघाताच्या क्षणी त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. कवटी थांबते, परंतु आतला मेंदू त्याच वेगाने पुढे जाऊन तिच्यावर आपटतो. खरी हानी तेथे होते. हेल्मेटच्या कठीण कवचाखाली थर्मोकोलसारखा जो जाड थर असतो, तो चिरडला जाऊन हा आघात काही क्षणांश लांबवतो, आणि त्या क्षणांशावर पुढील आयुष्य अवलंबून असते. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे, आणि म्हणूनच पट्टा न लावलेले हेल्मेट हे हेल्मेटच नव्हे, कारण डोके जमिनीवर पोहोचण्याआधी ते दूर जाऊन पडलेले असते. औद्योगिक वसाहतींच्या भागात आणखी एक प्रकार दिसतो: कारखान्यातील पिवळी प्लास्टिकची टोपी घालूनच मोटारसायकल चालविली जाते. ती टोपी वरून पडणाऱ्या वस्तूसाठी घडविलेली असते. तिच्यात तो चिरडणारा थर नसतो, कानशिलांना आच्छादन नसते. तिचे भारतीय मानक २९२५ क्रमांकाचे, आणि दुचाकीच्या हेल्मेटचे ४१५१ क्रमांकाचे. विकत घेताना हा दुसरा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहावे. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या स्वस्त मालावर विसंबू नये.

मस्तकाविषयी इतके लिहिले तरी शरीर तेवढ्यावर संपत नाही. पडणारा मनुष्य स्वभावतः हात पुढे करतो, आणि डांबरावर घासलेल्या तळव्यात बारीक खडी इतकी खोल रुतते, की ती ब्रशने घासून काढावी लागते. ज्याचे पोट पाना, फावडे किंवा द्राक्षाच्या छाटणीची कात्री धरण्यावर चालते, त्याचे हात महिनाभर बांधलेले राहिले तर त्या घराची काय अवस्था होते, हे कोणी हिशेबात धरीत नाही. जाड हातमोजे, घोटा झाकणारे बूट, जाड कापडाचे जाकीट यांना आपल्याकडे हौशी तरुणांचा शौक मानतात. पण ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त स्वारांचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असा पोशाख केलेल्यांवर रुग्णालयात दाखल होण्याची पाळी कमी वेळा आल्याचे दिसून आले. कामावरचे जाड बूट बदलून, पायांत चप्पल सरकवून घरी निघणाऱ्याने निदान तेच बूट घरापर्यंत राहू द्यावेत. त्यास दमडीचाही खर्च नाही.

मला सर्वांत व्यथित करते ती मागे बसणाऱ्याची उपेक्षा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातल्याने देशात ५०,०२९ माणसे मयत झाली, आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. नियमानुसार नव्या गाडीबरोबर एक हेल्मेट मिळते. दुसरे घरात येतच नाही. पत्नी एका बाजूस पाय सोडून, मूल मांडीवर घेऊन बसते, आणि तिच्या साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून कायद्याने बसविलेले साडीगार्ड गाडीची शोभा बिघडते म्हणून काढून टाकलेले असते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १२९ चालविणारा आणि मागे बसणारा यांत भेद करीत नाही. चार वर्षांवरील मुलालाही ते लागू आहे, आणि त्याहून लहान मुलासाठी हेल्मेट व सुरक्षापट्टा यांचा नियम २०२२ मध्ये करण्यात आला आहे.

सक्ती ही व्यक्तिस्वातंत्र्यावरील अतिक्रमण आहे, असाही एक युक्तिवाद केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच अजय कानू खटल्यात तो फेटाळला, आणि माझ्या दृष्टीने योग्यच केले. कारण पडणारा एकटा असला तरी त्याचे परिणाम वृद्ध आईबाप, शाळकरी मुले आणि आयुष्यभर शुश्रूषा करीत राहणारी पत्नी यांना भोगावे लागतात. तरीही केवळ हुकुमाने हे साधणार नाही. नाशिक शहरात पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम सुरू केली, तिचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु पंपापुरते उसने हेल्मेट डोक्यावर ठेवता येते, आणि घरी परतेपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक वळणाला पोलीस उभा करता येत नाही.

जेथे शिस्त आधीच रुजलेली आहे, तेथूनच ती बाहेर न्यावी, असे मला वाटते. एकलहऱ्यापासून नाशिकरोडच्या मुद्रणालयांपर्यंत आणि सातपूर-अंबडच्या वसाहतींपर्यंत ज्या ज्या व्यवस्थापनांनी व कामगार संघटनांनी आवारात शिरस्त्राण सक्तीचे केले आहे, त्यांनी पाळी सुटताना फाटकाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक दुचाकीस्वाराच्या हेल्मेटचा पट्टा लावलेला आहे की नाही, हेही पाहावे. ठेकेदारीवरील मजुरास त्यातून वगळू नये. आणि बोनसच्या दिवसांत कामगाराने घरासाठी जी खरेदी करावयाची, तिच्यात सर्वप्रथम आपल्या मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी एक चांगले हेल्मेट घ्यावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.