पत्र्याखालचा गारठा

निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा आणि सोबत शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो. डिसेंबर २०१८ मध्ये तर पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. पण तो झाला उघड्यावरचा आकडा. मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर असतो आणि मला घरातला, तोही बाळाच्या काखेतला आकडा बघावा लागतो. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आम्ही घरी जातो. काखेतलं तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेलं की बाळ गार पडतंय असं समजायचं. थंडीत हे कुठल्या घरात होणार, ते मला दारातूनच कळतं. मी आधी वर बघते. उघडा पत्रा दिसला की काळजी सुरू होते.

पत्रा दुपारी तापतो आणि दिवस मावळला की तितक्याच लवकर गार होतो. आभाळ निरभ्र असेल त्या रात्री घरातली ऊब त्या वाटेने नुसती निघून जाते. पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि थेंब अंथरुणावर पडतात. आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत हे होत नसे. हातभर जाडीच्या भिंती आणि वर मातीचा थर; दिवसाचं ऊन ते घर रात्री हळूहळू परत देत असे. ती घरं पाडून आपण पत्रा नाहीतर चार-पाच इंचांचा स्लॅब घातला, आणि आता तीच ऊब विजेने विकत घ्यायला निघालो आहोत.

विजेचा हिशेब मी प्रत्येक घरात सांगते, कारण बिल बघून रडणारी माणसंही मीच बघते. २,००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो. रोज रात्री तीन तास लावला तर महिन्याला १८० युनिट. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो, म्हणजे यातले बरेचसे युनिट महागातले. आणि वर उघडा पत्रा असेल तर हीटर बंद केल्यावर थोड्याच वेळात खोली होती तशीच. आंघोळीच्या पाण्याचंही तसंच. २० लिटर पाणी १६ अंशांवरून ४१ अंशांवर न्यायला अर्ध्याहून थोडं जास्त युनिट लागतं. चौघांचं घर धरलं तर महिन्याला ७० च्या आसपास. ज्याची ऐपत आहे त्याने आधी सौर बंब बसवावा. ज्याची नाही त्याने परसातला जुना तांब्याचा बंब भंगारात घालू नये, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांवर तो छान चालतो. फक्त तो न्हाणीघरात नको, उघड्यावर हवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की खोली तापवू नका, माणूस उबेत ठेवा, आणि पैसा लावायचाच तर छताला लावा.

लोक अंगावर तीन पांघरुणं घेतात आणि खाली एक चटई. शहाबादी फरशी खालून ऊब ओढत राहते, म्हातारी माणसं रात्रभर कूस बदलत राहतात. खाली द्राक्षाच्या पेटीचे पुठ्ठे पसरा, त्यावर घोंगडी, मग गोधडी. दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याची वळी करून सारा. कानटोपी आणि पायमोजे घालूनच झोपा. बाळाच्या डोक्यावर टोपडं हवंच. त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, ऊब तिथूनच जास्त जाते. आणि जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालू नका, किमान २४ तास थांबा. यावरून आज्यांशी माझे वाद होतात, आणि तरी मी वाद घालतेच.

सगळ्यात स्वस्त ऊब आईच्या छातीची. बाळाला लंगोट आणि टोपडं एवढंच ठेवून आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून दोघांना एकत्र गुंडाळायचं. ही कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या दवाखान्यात बाळं उबेत ठेवायच्या पेट्या पुरत नव्हत्या. आई दमली तर बाप करू शकतो, आजी करू शकते. एका घरी मी बापाच्या सदऱ्यात बाळ ठेवलं तेव्हा तो हलायलाच तयार नव्हता. थोड्या वेळाने थर्मामीटर लावला, आकडा वर आला होता. असं दिसलं की माझी सगळी पायपीट सार्थकी लागते.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आपली रीत आहे. रीत मायेची आहे, पण दारं-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवू नका. निखारे लाल झाले, धूर थांबला की लोकांना वाटतं आता धोका नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून, जागेपणी, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. धुरी तर बाळाच्या खोलीत नकोच.

आता जे बोलायचं आहे ते आमच्या गावातल्या द्राक्ष बागायतदारांशी. थंडी वाढली की तुम्ही रात्र जागून बागेत शेकोट्या पेटवता, पहाटे बोअरचं कोमट पाणी सोडता, कारण गारठ्याने मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. तुमचं कर्ज त्या बागेवर आहे, मला ते कळतं. पण त्याच बागेच्या बांधाला पत्र्याच्या शेडमध्ये पेठ-सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी झोपलेली असते, आणि त्यात एखादी ओली बाळंतीण असते. अण्णा, दादा, त्या शेडला आतून पत्र्याच्या हातभर खाली बांबूचे तट्टे बांधा, तट्ट्यांवर गोणपाट पसरा. मधे जी हवा अडकते तीच ऊब धरते. एका फवारणीच्या खर्चात एक शेड होईल. थर्माकोल मात्र लावू नका, चुलीची ठिणगी पडली तर भडकतो.

सरकारलाही हेच सांगायचं आहे. घरांच्या छता-भिंतींतून ऊब-उष्णता किती जावी याचे नियम केंद्राने २०१८ मध्ये इको निवास संहितेत घातले, पण ते ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी. घरकुलाच्या २५ चौरस मीटरच्या घराला तसला नियम नाही, आणि मिळणाऱ्या अनुदानात छताखाली तट्टे लावायला कुणाकडे पैसे उरत नाहीत. त्यासाठी वेगळा हप्ता द्या. आणि थंडीत वाटायच्या त्या विरविरीत चादरींऐवजी घोंगड्या घ्या. आमच्या शिवारात मेंढ्या बसवायला धनगर येतात, त्यांच्या लोकरीला आज गिऱ्हाईक नाही. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. पत्र्याखाली, जिथे पहाटे अंथरूण ओलं होतं, तिथे याहून चांगलं पांघरूण मला माहीत नाही.

ऑक्टोबर छाटणीला टोळ्या येतात. शेडचं काम त्याआधी, पावसाने उघडीप दिली की लगेच काढा. कुठल्या शेडमध्ये पोटुशी बाई येणार आहे ते मुकादमाला विचारून मला कळवा, तट्टे बांधायला मीही येईन.