चाकांवरचं घर परत करताना

मैत्रिणींनो, भाड्याची जागा सोडताना घरमालक भिंतीतले खिळेसुद्धा मोजतो, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळजणींना असेल. गेल्या उन्हाळ्यात असाच एक घरमालक मी अमेरिकेत पाहिला. फरक एवढाच, की त्याचं घर चाकांवरचं होतं!

माझे दादा-वहिनी लॉस एंजेलिसजवळ राहतात. आम्ही दोघं लेकीला घेऊन तिकडे गेलो, तेव्हा ग्रँड कॅन्यन बघायला दादाने मोटरहोम भाड्याने घेतलं. आत ओटा, गॅस, फ्रिज, न्हाणी-संडास, निजायची सोय, सगळं काही. दादाच्या कार्डावर १००० डॉलर अनामत अडकली. मागच्या सहलीत त्यातले २५० डॉलर कापले गेले होते, हे वहिनीने मला हळूच सांगितलं. पाहुणे आम्ही आणि भुर्दंड त्यांना! मला घोरच लागला.

त्या सहलीत मी एक गोष्ट शिकले, ती सांगते. परत करायची तयारी गाडी ताब्यात घेतानाच सुरू करावी. चारी बाजू, टप, काचा, गाद्या, मैलांचा आकडा, पेट्रोलचा काटा, जनरेटरचे तास, सगळ्याचे फोटो लेकीने काढले. जुना ओरखडा दिसला, की तो आधी त्यांच्या कागदावर लिहून घ्यायचा, मगच सही करायची.

मग हिशेब. आमच्या करारात रोजचे १०० मैल, म्हणजे ५ दिवसांचे ५००. कॅन्यनला जाऊन-येऊनच जवळजवळ १००० मैल होतात. वरच्या मैलाला ४० सेंट, म्हणजे २०० डॉलर गेलेच! दादाने जादा मैल आधीच विकत घेतले, ते स्वस्तात पडले.

सगळ्यात मोठा दंड टाक्यांचा. वापरलेल्या पाण्याची एक आणि संडासाची एक, अशा दोन टाक्या असतात. त्या रिकाम्या करायची जागा बऱ्याच तळांवर असते. हातमोजे घालून आधी संडासाची सोडावी, मग दुसरी. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हे काम शेवटच्या मुक्कामावरून निघतानाच उरकावं.

आता खास आपलं दुखणं. बंद गाडीत फोडणी घातली, की पडदे-गाद्यांना वास धरलाच आणि सफाईचा आकार लागलाच. फोडणी बाहेरच्या बाकावर, शेगडीला परवानगी असेल तिथेच घालावी. एवढं करूनही माझ्या हातून बैठकीच्या खोळीवर वरण सांडलं! वहिनी म्हणाली, "अगं, उशी ठेवू त्यावर, कोण बघतंय!" मला काही ते पटेना. खोळ काढून साबण लावला, तर हळदीचा डाग लालभडक! पण घाबरले नाही. हळद उन्हाला भिते. ॲरिझोनाच्या उन्हात दुपारभर खोळ वाळवली, अगदी फिकट छटा उरली.

परतीची वेळ ११ ची होती; उशीर झाला तर तासावर पैसे. आम्ही दोन तास हाताशी ठेवून निघालो, जवळच्याच पंपावर पेट्रोल भरून पावती जपून ठेवली. खोळीचा डाग मी स्वतःच दाखवला. तपासनीसाने पाहिलं, हसला, पुढे गेला. पण दारापाशी ओरखडा दिसताच थबकला. लेकीने पहिल्या दिवशीचा फोटो पुढे केला, तारीख-वेळेसकट! 'नुकसान नाही' असं लिहून घेतल्यावरच आम्ही किल्ली दिली. अनामत पुढच्या आठवड्यात पुरती परत आली, तेव्हा वहिनीचा चेहरा बघण्यासारखा होता.

आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. उद्या तुम्हीही अशा गाडीतून कोकणात निघाल. तेव्हा घेताना डोळे उघडे ठेवा आणि देताना काही लपवू नका. मग किल्ली परत करताना हात थरथरणार नाही, बरं का!