सिद्ध लक्ष्यस्थानांची मालकी

झेब्रा माशातील जनुकसंपादनासाठी ज्याने एखादे लक्ष्यस्थान महिनोन्‌महिने खपून पारखले, त्याने संशोधननिबंध छापून येईपर्यंत ते आपल्याच दफ्तरी कुलूपबंद ठेवावे, कारण श्रम ज्याचे हक्क त्याचा, असा एक पक्ष आग्रहाने मांडला जातो. सकृद्दर्शनी न्याय्य भासणारा हा पक्ष मला मुळीच मान्य नाही.

ही पारख कशी होते ते पाहा. मोहरीएवढे, पारदर्शक, नुकतेच फलित झालेले अंडे पाऊण तासात दुभंगू लागते. तेवढ्या अवधीत सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने त्यात डीएनए कापणारे कॅस९ हे प्रथिन आणि त्याला कापायची जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए सोडावा लागतो. वीस अक्षरांचे लक्ष्य कागदावर निर्दोष दिसले, तरी प्रत्यक्षात डीएनए कापला जाईलच असे नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी, ज्यांचे हृदय धडधडू लागले आहे अशा गर्भांपैकी काहींचा डीएनए तपासावा लागतो, आणि तेथेच कित्येक स्थाने बाद होतात. आमच्या चिखलोलीत कोणी बोअर मारली की पाणी किती फुटांवर लागले हे शेजारी विचारतो, आणि ती कोरडी गेली असेल तर तेही मोकळेपणाने सांगितले जाते, कारण त्यात पुढच्याचे पैसे वाचतात. हाच न्याय प्रयोगशाळांनाही लागू आहे. झेब्रा माशावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम चालते, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही चालते. एकीकडे बाद ठरलेले स्थान दुसरीकडे नव्याने पारखण्यात सरकारी पैसा आणि विद्यार्थ्याचे उमेदीचे महिने का खर्ची पडावेत?

श्रेय चोरीस जाईल, ही भीती मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु तारीखवार जाहीर नोंद हाच श्रेयाचा सबळ दाखला असतो, कुलपातल्या वहीला साक्षीदार नसतो. दुसरी तक्रार अशी की, एका वाणात लागू पडलेले स्थान दुसऱ्यात पडेलच असे नाही. हे खरे आहे; दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने २००९ साली रानटी भारतीय झेब्रा माशाचा जनुकसंच वाचला, तेव्हापासून प्रयोगशाळेतील वाणांशी त्याचा भेद आपल्याला ठाऊक आहे. पण त्यावरून नोंदीत वाण लिहावा एवढेच सिद्ध होते. नोंद दडवावी हे नव्हे. या माशाचा संपूर्ण जनुकसंच जगापुढे खुला झाला नसता, तर आज लक्ष्यस्थाने निवडणे आपल्याला इतके सुकर झाले असते काय?

तेव्हा माझी संशोधकांना विनंती आहे: लागू पडलेले आणि बाद ठरलेले प्रत्येक स्थान वाण, तारीख आणि तपासणीची रीत यांसह खुले करावे, आणि त्याचा आरंभ आपल्याच प्रयोगशाळेच्या वहीपासून करावा.