विकण्यासाठीच बांधलेले घर

गेल्या गणेश चतुर्थीला विसर्जन आटोपून आम्ही घरी परतलो, तेव्हा माझा भाचा व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मामा, बाबांना निवृत्तीचे पैसे मिळाले आहेत. त्यांतले 3 लाख रुपये मला हवेत. एक वेबसाइट विकत घ्यायची आहे. तुम्ही सांगितले तर बाबा ऐकतील."

वेबसाइट विकत घ्यायची म्हणजे काय, हे मला प्रथम कळेना. मग त्यानेच समजावले. घर-जमिनीप्रमाणे वेबसाइटचाही बाजार भरतो. ऑस्ट्रेलियात 2009 साली सुरू झालेला फ्लिपा हा त्यांपैकी एक. कोणी नवी वेबसाइट बांधतो, कोणी दुर्लक्षित झालेली घेऊन सुधारतो, वाचक वाढवतो, जाहिरातींचे उत्पन्न सुरू झाले की विकून टाकतो. किंमत पुष्कळदा महिन्याच्या निव्वळ नफ्याच्या वीस ते चाळीस पट धरतात. महिन्याला 10,000 रुपये देणारी वेबसाइट तीस पटीने घेतली तर 3 लाख पडतात. म्हणजे उत्पन्न तसेच टिकले तरी मुद्दल सुटायला अडीच वर्षे लागणार!

या धंद्याची ओढ मुलांना का वाटते, हे मला समजते. आपले बेट लहान, जमीन महाग, पगार बेताचा. इथे दुकान भाड्याने घ्यावे लागत नाही आणि गिऱ्हाईक साऱ्या जगातले. शिवाय डोक्यावर साहेब नाही. कराराने बांधून आणलेल्या मजुरांच्या वंशजांना आपणच आपले मालक व्हावे असे वाटले, तर त्यात वावगे काय? म्हणून मी त्याला रागावलो नाही.

परंतु मला माझे अध्यापक-प्रशिक्षणाचे दिवस आठवले. तेव्हा आम्ही दोन प्रकारचे पाठ तयार करीत असू. एक मुलांसाठी आणि एक तपासायला येणाऱ्या परीक्षकांसाठी. दुसऱ्या पाठात रंगीत तक्ते असत, फळा सुंदर असे, प्रश्नांची उत्तरे मुलांना आधीच पढवलेली असत. परीक्षक खूश होऊन जात. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फिरवून विचारला की वर्ग गप्प! केवळ विकण्यासाठी बांधलेली वेबसाइट मला या दुसऱ्या पाठासारखी वाटते. घेणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल तेवढे सजवायचे. वाचकाच्या पदरात काय पडते, याची फिकीर नाही.

अशी घरे पडतातही लवकर. बहुतेक छोट्या वेबसाइटना वाचक मिळतात ते गूगलच्या शोधातून. 2023 च्या सप्टेंबरमध्ये गूगलने आपले नियम बदलले आणि कित्येक छोट्या वेबसाइटचे वाचक झपाट्याने आटले. 2024 च्या मे महिन्यापासून अमेरिकेत तर पुष्कळ प्रश्नांना यंत्राने रचलेले उत्तर शोधाच्या माथ्यावरच मिळू लागले. मग वाचक आत कशाला येईल? खेदाची गोष्ट ही की या बदलांत मन लावून लिहिणाऱ्यांचेही नुकसान झाले. पण त्यांच्याजवळ निदान आपल्या विषयाचे ज्ञान तरी उरले. ज्याने नुसता आकडा विकत घेतला, त्याच्याजवळ काय उरले असेल?

भाचा म्हणाला, "पण मामा, झोपेतही पैसे येतात." मी म्हटले, "बाळा, उसाच्या खोडव्याला नवी लागवड नको, हे खरे. पण खत आणि निंदणी त्यालाही लागते. आणि मला एवढेच सांग, महिन्याला 10,000 रुपयांची फळे देणारे झाड मालक का विकतो आहे?"

कारण प्रामाणिकही असू शकते. कोणाला वेळ नसतो, कोणाला एकरकमी पैसा हवा असतो, कोणाला बांधण्यातच गोडी असते, चालवण्यात नसते. पण झाड वाळू लागले आहे हे मालकाला आधी कळलेले असते, असेही घडते. म्हणून उत्पन्नाचे नुसते चित्र पाहून भुलू नये. मूळ खाते आपल्या डोळ्यांसमोर उघडायला सांगावे, किमान वर्षभराचा हिशेब तपासावा आणि पैसे विश्वासू मध्यस्थामार्फतच द्यावेत.

मेहुण्यांकडे मी शब्द टाकला नाही. भाच्याला मात्र सुचवले की, तुला मोटारसायकलची दुरुस्ती उत्तम येते. वर्षाला काही हजार रुपयांत नाव आणि जागा घेऊन त्याच विषयावर स्वतःची वेबसाइट बांध. वर्षभर चालव. पुढे विकावीशी वाटली तर अवश्य वीक; घेणाऱ्याच्या हाती काही खरे तरी पडेल.

आईबापांनाही माझी विनंती आहे. मुले असे काही घेऊन आली तर 'हे कॉम्प्युटरचे खेळ' म्हणून झिडकारू नका आणि लगेच थैलीही सोडू नका. शेजारी बसा, हिशेब मागा, आणि हे तुला कशासाठी करायचे आहे, हे आधी विचारा.

भाच्याने अजून होकार दिलेला नाही. पण परवा वहीत काही टिपणे काढून तो माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला घेऊन आला. विषय होता, पावसाळ्यात साखळीला गंज का चढतो.