खटपट : कडुलिंबाखालची मॅटॅडोर

मालाची छोटी गाडी दिसली की आपण म्हणतो, 'टेम्पो आला!' मग ती कुठल्याही कंपनीची असो. खरं तर टेम्पो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं नाव. त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो कंपनीनं 1958 च्या सुमारास आपल्याकडे तीनचाकी गाड्या बनवायला घेतल्या आणि टेम्पो हा शब्द मराठीत घरचाच होऊन गेला. पुढे याच कंपनीची चारचाकी मॅटॅडोर आली. कंपनीचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं, मॅटॅडोर बनणंही थांबलं. पण खेड्यात गोठ्यामागं एखादी मॅटॅडोर अजून उभी दिसते.

आमचीही तशीच उभी होती. मानवतजवळ आमच्या आखाड्यावर. (शेतातल्या वस्तीला परभणीकडे आखाडा म्हणतात. कुस्तीचा नव्हे!) आण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्यातून कापूस मोंढ्यात न्यायचे. या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी पेटीत असतं. थंडीत त्या पेटीवर गोधडी टाकून बसायला मी भावाशी भांडायचो. 2015 च्या दुष्काळात कापूस गेला, भाडं मिळेना, आणि आण्णांनी गाडी कडुलिंबाखाली लावली ती लावलीच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या आठवीतल्या पुतणीनं विचारलं, "आजोबा, ही चालू होईल का हो?"

"न व्हायला काय झालं? ट्रॅक्टरची बॅटरी लावा, डिझेल टाका, मारा सेल्फ!" आण्णा म्हणाले.

मी बॅटरी आणायला निघालोही होतो. तेवढ्यात आमचे जुने मिस्त्री आले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी आधी काठीनं सीटखाली टोकरलं. विंचू निघाला! उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, आरशामागं गांधीलमाश्यांचं पोळं होतं. मग ते म्हणाले, "सेल्फला कुणी हात लावू नका. आत काय चिकटलंय, काय गंजलंय, आधी बघू तर द्या."

उभी गाडी खराब का होते, हा प्रश्न मलाही पडायचा. वापरच नाही तर झिजणार काय? पण इंजिन चालतं तेव्हा तेल सगळीकडे उडत राहतं. ते बंद पडलं की तेल हळूहळू खाली ओघळतं. सिलिंडरची भिंत कोरडी पडते, ओल लागते, गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथंच चिकटतात. अशा वेळी सेल्फ मारला तर रिंगा तुटू शकतात. म्हणून उस्तादांनी चारही हीटर प्लग काढले आणि त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं. दोन दिवस तसंच मुरू दिलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून जोर दिला. पहिल्यांदा काहीच नाही. मग 'कुर्र' करून पुली बोटभर सरकली. प्लग काढलेले असल्यानं आत हवा दाबली जात नव्हती, म्हणून हातानं फिरवणं जमलं. पुतणीनंही पाना ओढून पाहिला. ऑइलचे डाग फ्रॉकवर! तिच्या आईला काय सांगायचं हे तिचं तिनं बघितलं.

टाकीतलं जुनं डिझेल आम्ही काचेच्या बरणीत काढलं. तासाभरात बरणीत दोन थर दिसू लागले. वर डिझेल, तळाशी पाणी, आणि मध्ये काळपट शेवाळासारखं काहीतरी. अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेत बाष्प असतं. रात्री पत्रा गार झाला की त्याचे थेंब होतात. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. आणि पाणी व डिझेल जिथं भेटतात तिथं चक्क जंतू वाढतात, डिझेल खाऊन! तो गाळ पंपात गेला असता तर खर्च कापसाच्या पट्टीएवढा झाला असता. टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलले, नवं डिझेल भरलं. मग पंपावरचा स्क्रू ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत नळीतली हवा काढली.

नवी बॅटरी लावली. उस्ताद हसून म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आणि सेल्फ मारला. चौथ्या खेपेला गाडीनं एवढा पांढरा धूर सोडला की झाडावरचे कावळे उडाले. आणि चालू! आण्णा काही बोलले नाहीत. पेटीवर हात ठेवून उभे राहिले.

मग मात्र ते सरळ स्टिअरिंगवर चढले. "मानवतला जाऊन येतो."

उस्तादांनी चावी काढून खिशात घातली. "आण्णा, पेडल दाबा."

पेडल पार तळाला गेलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं; त्या ओलीनं व्हील सिलिंडर आतून गंजले होते, रबरं फुगली होती. एका चाकाचा ब्रेक तर ड्रमलाच चिकटला होता. आण्णा रागावले. "चाळीस वर्षं गाडी चालवली, मला शिकवतो का?" संध्याकाळचा चहाही घेतला नाही त्यांनी. पण उस्तादांनी चावी दिली नाही, आणि मला विचाराल तर सगळ्या कामात हेच काम मोठं होतं.

टायरांवरूनही वाद झाला. नक्षी चांगली खोल होती, मलाही ते टाकवेनात. पुतणीनं टायरच्या कडेच्या लांबट चौकटीतले आकडे वाचले : 1109. म्हणजे 2009 सालचा 11 वा आठवडा. (2000 सालापासूनच्या टायरांवर असे चार आकडे असतात. तुमच्या घरच्या गाडीचे वाचून पाहा.) रबर वापराविनाही म्हातारं होतं. वाकून पाहिलं तर कडेला बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या. नवे टायर घेतले. आणि हो, काळ्या जमिनीत जॅक खचतो. खाली जाड फळी घातल्याशिवाय उस्तादांनी गाडी उचलली नाही. उचललेल्या गाडीखाली तर मुलांना डोकावूही दिलं नाही.

ब्रेकचं काम आठ दिवस चाललं. पण रस्ता अजून लांब आहे. जुन्या मालगाडीला दरवर्षी आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. शिवाय विमा आणि पीयूसी. ते होईपर्यंत आण्णा रोज सकाळी गाडी कडुलिंबापासून विहिरीपर्यंत नेतात, ब्रेक दाबून बघतात आणि परत आणतात. हॉर्न काही केल्या वाजत नाही. त्यामुळे पुतणी पुढं पळत ओरडते, "सरका, सरका, टेम्पो आला!"