गुडघे अम्मीचे, फैसला मोहल्ल्याचा

‘गुडघे बदलले की सजदा गेला’ हे वाक्य आपल्याकडे असे ठासून बोलतात, जणू शरीयतचे कलमच. ज्या अम्मीला ते ऐकवतात ती बहुधा आधीपासूनच खुर्चीवर नमाज पढत असते. तिचा सजदा झिजलेल्या कूर्चेने कधीच हिरावलेला असतो. बुखारी शरीफमधली इमरान बिन हुसैन यांची रिवायत मदरशातले पोरही सांगेल: उभ्याने पढा, जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर. मग खुर्चीची एवढी धास्ती कशाला?

पैशाचे म्हणाल, तर ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा 54,720 रुपये अधिक जीएसटी असा ठरला. हॉस्पिटलचा खर्च वेगळा आणि तो जड जातो, कबूल. पण वलीम्यासाठी उसनवारी करणारे घर अम्मीलाच सबर शिकवते, आणि अब्बांचा मोतीबिंदू मात्र आठवड्यात निघतो! इलाज करा, हे हुजूरांनीच (स.) सांगितले आहे. त्यात बायका वगळलेल्या नाहीत.

सगळ्यांनीच ऑपरेशन करावे असे नाही. आधी वजन, व्यायाम, गोळ्या. शुगर आटोक्यात हवी. नंतरचा व्यायाम चुकवला तर गुडघा आखडतो. एक्स-रे कितीही वाईट दिसो, दुखणे सोसवत असेल तर थांबायलाही हरकत नाही. पण सोसवते की नाही, हे रात्री भिंत धरून संडासला जाणारीच सांगू शकते. डॉक्टर ‘किती दुखतं?’ विचारतात तेव्हा मुलाने गप्प बसावे.